घोड्याचे आत्मचरित्र आणि मोतद्दाराचा पगार

अ‍ॅना स्यूएल या इंग्रज लेखिकेची 'ब्लॅक ब्यूटी' ही कादंबरी १८७७ साली नॉर्विचच्या जॅरोल्ड या प्रकाशनसंस्थेने काढली, तेव्हा तिच्या शीर्षकपृष्ठावर आजच्यापेक्षा बरेच लांब नाव छापलेले होते. त्याचा मराठीत अर्थ द्यायचा तर तो असा : ब्लॅक ब्यूटी, त्याचे मोतद्दार आणि सोबती, एका घोड्याचे आत्मचरित्र, मूळ अश्वभाषेतून अनुवादित. पुढे हे लांबलचक शेपूट गळत गेले. अश्वभाषेचा विनोद मागे पडला, त्याचे कुणाला वाईट वाटण्याचे कारण नाही. पण त्याबरोबर मोतद्दारही गेले, आणि हे मात्र साधेसुधे गळणे नव्हे असे मला वाटते. लेखिकेने घोड्याच्या नावाला लागून, सोबत्यांच्याही आधी, ज्यांना बसवले होते, त्यांनाच वाचकांनी उठवून लावले.

पुस्तकाची कीर्ती झाली ती भूतदयेचे पुस्तक म्हणून. १८९० साली अमेरिकेत जॉर्ज एंजेल या गृहस्थांनी प्राण्यांवरील क्रौर्याविरुद्धच्या आपल्या चळवळीसाठी ते उचलले, घोड्यांची 'अंकल टॉम्स केबिन' म्हणून त्याची भलावण केली आणि त्याच्या प्रती दूरवर वाटल्या. घोड्याची मान दिमाखात उंच राहावी म्हणून डोके आवळून बांधणारी जी वादी त्या काळी श्रीमंतांच्या गाड्यांना लावीत, तिच्याविरुद्ध लोकमत तयार करण्यात या पुस्तकाचा मोठा वाटा होता. ते श्रेय त्याचे त्याला मिळालेच पाहिजे. मला येथे पाहायचे आहे ते निराळे. घोडा ज्याच्या हातात चोवीस तास असतो त्या नोकराकडे ही कादंबरी कशी पाहते, आणि त्याला नेमताना व पगार देताना धन्याने काय केले याचा हिशेब ती कुठे मांडते नि कुठे झाकते, एवढाच माझा प्रश्न आहे. मास्तराची नोकरी करणाऱ्याचे लक्ष पुस्तकातल्या पगाराकडेच आधी जायचे, असे कुणी म्हणेल. म्हणू द्या.

मोतद्दार हा शब्द आता मराठी वाचकाला कोशातून काढून दाखवावा लागतो. सईस त्यातल्या त्यात ओळखीचा, तोही शर्यतीच्या मैदानापुरता. तिसरा शब्द तर गमतीचा आहे. जुन्या मराठीत घोड्याची निगा राखणाऱ्या नोकराला खासदार म्हणत. मोल्सवर्थच्या कोशात तो या अर्थाने भेटतो. आज खासदार लोकसभेत बसतात आणि त्यांच्या भत्त्यांची चर्चा वर्तमानपत्रांतून होते. त्या पहिल्या खासदाराच्या भत्त्याची चर्चा कधी फारशी झाली नाही. पुण्यात पेशव्यांची पागा होती त्या जागेवर पुढे मुलींची शाळा उभी राहिली आणि हुजूरपागा हे नाव शाळेला कायमचे चिकटले. पागेचे नाव राहिले. पागेत खरारा करणाऱ्यांपैकी एकाचेही नाव आपल्या ओठांवर नाही.

या नोकरीची खुबी, किंवा खोच म्हणा, अशी आहे की तिच्यातले काम धन्याला दिसत नाही. घोड्याचे पोट लहान, म्हणून त्याला थोडेथोडे आणि ठरल्या वेळी द्यावे लागते. त्याला ओकारी होत नाही. भलते पोटात गेले तर ते बाहेर टाकण्याची सोय निसर्गाने त्याला दिलेली नाही. दौडून घामाघूम झालेल्या जनावराला हळूहळू फिरवून निववावे लागते, अंगावर झूल टाकावी लागते. रोज खूर उचलून आतली घाण काढावी लागते, नाहीतर ओल्या लिदीत उभे राहून खुराचा मऊ भाग कुजतो. यांतले काहीही चुकले तर ते दोन महिन्यांनी कळते, आणि घोडा चहाडी करू शकत नाही. चंदी किती आणली हे वाण्याच्या बिलावरून समजेल. ती तोबऱ्यात किती पडली हे फक्त दोघांना ठाऊक, आणि त्यांतला एक मुका. तेव्हा मोतद्दाराला पगार देणे म्हणजे दिसत नाही अशा गोष्टीचे मोल देणे. स्यूएलबाईंच्या कादंबरीची कल्पना किती नेमकी आहे पाहा : त्यांनी त्या मुक्यालाच बोलते केले. या विषयात साक्ष देऊ शकणारा तो एकच होता.

आता या साक्षीदाराने पगाराबद्दल काय ऐकले ते पाहू. स्क्वायर गॉर्डन यांच्या तबेल्यात जॉन मॅन्ली हा मुख्य, आणि त्याच्या हाताखाली जेम्स हॉवर्ड हा तरुण मुलगा. स्क्वायरच्या मेव्हण्यांना एक विश्वासू मोतद्दार हवा असतो. अटी स्वच्छ सांगितल्या आहेत. सुरुवातीला आठवड्याला अठरा शिलिंग. तबेल्यातल्या कामासाठी एक पोशाख, गाडी हाकताना घालायचा दुसरा. गाडीखान्याच्या माडीवर निजायला खोली. हाताखाली एक पोऱ्या. शिवाय तिथला म्हातारा कोचमन तीस वर्षे चाकरीत आहे, तो निवृत्तिवेतन घेऊन बसला की त्याची जागा. ही सगळी यादी घोडा तबेल्यात उभा राहून ऐकतो आणि आपल्याला सांगतो. एका मुलाचे सबंध आयुष्य त्या चार ओळींत आखलेले आहे, आणि जेम्स चांगला मोतद्दार होणार याबद्दल आपल्याला शंका उरत नाही. लेखिकेच्या मते याचे कारण जेम्सचे शील. माझ्या मते शील आहेच, पण त्याच्या पाठीशी अठरा शिलिंग आणि ती माडीवरची खोलीही आहे.

आपल्याकडच्या जुन्या कथा या बाबतीत अधिक रोखठोक आहेत. नळराजा बाहुक होऊन ऋतुपर्णाच्या दारी चाकरी मागायला जातो, तेव्हा महाभारतातला ऋतुपर्ण त्याला अश्वाध्यक्ष नेमताना त्याच दमात वेतन सांगून टाकतो : शंभर शतके, म्हणजे दहा हजार. हाताखाली कोण माणसे राहतील तेही सांगतो. अज्ञातवासात नकुल विराटाच्या घोड्यांवर राहतो, त्यालाही विराट आधी वाहन, धन आणि घर देऊ करतो. रघुनाथ पंडितांमुळे आपल्याला नळाची कथा पाठ असते ती हंसाची आणि स्वयंवराची. ही वेतनाची ओळ कुणी ध्यानात ठेवीत नाही. अर्थात नळ आणि नकुल हे वेषांतर केलेले राजे होते, त्यांचा भाव निराळा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पगारांची जी उतरंड दिली आहे, तिच्या माथ्यावर पुरोहित आणि मंत्री अठ्ठेचाळीस हजार पणांवर आहेत, आणि जनावरांची सेवा करणारे परिचारक तळाशी, साठ पणांवर. अश्वाध्यक्षाची गोष्ट सांगितली जाते. साठ पणवाल्याची सांगितली जात नाही. स्यूएलबाईंची थोरवी ही की त्यांनी गोष्ट साठ पणवाल्यांची सांगितली. म्हणूनच त्यांच्याकडून अपेक्षा वाढतात.

आणि त्या अपेक्षांना धक्का बसतो तो बाथ गावी. पुस्तकाच्या मधोमध आलेली ही दोन लहान प्रकरणे मुलांसाठीच्या संक्षिप्त आवृत्त्यांत घाईने उरकली जातात. माझ्या दृष्टीने ती सबंध कादंबरीची बिजागरी आहेत.

मिस्टर बॅरी हे अविवाहित, धंद्यात गढलेले गृहस्थ. डॉक्टरांनी घोड्यावर बसण्याचा व्यायाम सांगितला म्हणून ते ब्लॅक ब्यूटीला विकत घेतात. घोड्यातले त्यांना फारसे कळत नाही. राहत्या जागेपासून थोड्या अंतरावर ते एक तबेला भाड्याने घेतात आणि फिल्चर नावाचा मोतद्दार ठेवतात. उत्तम गवत, ओट, भरडलेले घेवड्याचे दाणे, कोंडा, सगळे ते सढळ हाताने मागवतात. काही दिवसांनी ओट कमी पडू लागतात. दोन महिन्यांत घोड्याच्या अंगातली ताकद उतरते. धन्याला पत्ता नाही. शेवटी त्यांचा एक शेतीवाडीवाला स्नेही घोड्याच्या मानेला हात लावून पाहतो आणि चंदीवर लक्ष ठेवायला सांगतो. तपास होतो. फिल्चर रोज पहाटे आपल्या लहान मुलाला घेऊन येत असे, आणि पोरगा झाकलेल्या टोपलीतून ओट घेऊन जात असे. पोलीस त्या रडणाऱ्या पोराला धरून आणतो. ओट बापाच्या सशांसाठी होते असे पोरगा सांगतो. मुलाला निर्दोष ठरवतात. बापाला दोन महिन्यांची कैद होते.

इथे लेखिकेने जाता जाता एक तपशील दिला आहे. फिल्चर पूर्वी एका हॉटेलात घोडेवाला होता. ते सोडून तो आता बाजारासाठी फळे-भाजी पिकवतो, आणि त्याची बायको कोंबड्या नि ससे पोसून विकते. म्हणजे बॅरींनी नेमलेला माणूस या नोकरीवर घर चालवणारा नव्हताच! घोडा एक, तबेला लांब, धनी दिवसभर धंद्यात. सकाळ-संध्याकाळ येऊन जाणारा माणूस त्यांना पुरेसा वाटला. मग त्याला काय दिले जात असेल? कादंबरी सांगत नाही. गवत उत्तम होते हे सांगते, कोंडा होता हे सांगते, पगार सांगत नाही. पूर्ण वेळेची मेहनत आणि अर्ध्या वेळेचे पैसे अशी काही तडजोड या व्यवहारात असावी, असे त्या भाजीच्या मळ्यावरून माझ्यासारख्या कथालेखकाला वाटते. चोरी ती चोरीच. घोड्याच्या तोंडचा घास काढणाऱ्याचे वकीलपत्र मी घेतलेले नाही. पण ओट गेले ते सशांकडे, आणि ससे गेले बाजारात, म्हणजे घरखर्चाला. एवढे सगळे दिसत असताना लेखिका त्या घराच्या दारापर्यंत जाते आणि आत डोकावत नाही.

फिल्चर गेल्यावर आल्फ्रेड स्मर्क येतो. हा उंच, देखणा, अदबशीर. धन्यासमोर घोड्याला थोपटतो, खोगीर ठेवण्याच्या खोलीत आरशासमोर केस आणि गळपट्टा नीट करण्यात वेळ घालवतो, आणि ओले गवत बदलत नाही. लिदीच्या वाफेने घोड्याचे डोळे चुरचुरतात. धनी एकदा म्हणतो, वास येतो आहे, जरा पाणी टाकून धुऊन काढ. त्यावर हा टोपीला हात लावून सांगतो की पाण्याने घोड्याला सर्दी होईल, दोष बहुधा गटाराचा असावा. मग गवंडी येतो, विटा उखडतो, त्याला काही सापडत नाही, थोडा चुना टाकतो आणि पाच शिलिंग घेऊन जातो. वास होता तसाच राहतो. हा प्रसंग स्यूएलबाईंच्या उपरोधाचा उत्तम नमुना आहे, आणि तोच त्यांच्यावर उलटतोही. गवंड्याचे पाच शिलिंग घोड्याला ठाऊक आहेत. जेम्सचे अठरा शिलिंग ठाऊक होते. फिल्चर आणि स्मर्क यांचे मात्र ठाऊक नाहीत. घोडा निवेदक आहे, त्याला व्यवहारातले काय कळणार, असे म्हणून ही उणीव झाकता येत नाही. हे मौन घोड्याचे नव्हे, लेखिकेचे आहे.

नावांतच निकाल लागून गेला आहे. मॅन्ली म्हणजे मर्दासारखा, फिल्चर म्हणजे भुरटा चोर, स्मर्क म्हणजे मानभावी हसणारा. ज्याचे नावच भुरटा आहे त्याला पगार किती द्यावा हा प्रश्न उरतच नाही. त्याने चोरीच करायची. मनुष्याला आधी नाव आणि मग परिस्थिती देणे ही बोधकथेची रीत झाली. कादंबरीने उलट चालावे.

दोनदा फसलेले बॅरी कंटाळून घोडा ठेवण्याचेच सोडून देतात आणि ब्लॅक ब्यूटी बाजारात उभा राहतो. तिथून पुढची सगळी घसरण, लंडनची भाड्याची गाडी, मोडलेले शरीर, या एका नेमणुकीतून सुरू होते. घोड्याची किंमत ठरवताना चार माणसांचा सल्ला घ्यावा, आणि घोडा ज्याच्या हवाली करायचा त्याला मात्र चेहरा पाहून ठेवावा, ही बॅरींची रीत लेखिकेने दाखवली आहे. तिला नाव मात्र दिलेले नाही. स्मर्कला ढोंगी म्हटले, बॅरींना काहीच म्हटले नाही.

जो ग्रीनच्या प्रकरणातही हेच. जेम्स गेल्यावर त्याच्या जागी साडेचौदा वर्षांचा जो येतो, सहा आठवड्यांच्या बोलीवर. एका रात्री मालकीण अत्यवस्थ होते, ब्लॅक ब्यूटी डॉक्टरकडे आठ मैल दौडत जातो, डॉक्टरांना पाठीवर घेऊन परत येतो, आणि जॉन मागून पायी येत असतो. तबेल्यात एकटा जो. तो बिचारा घोड्याचे पाय पुसतो, त्याला थंड पाणी पाजतो आणि अंग तापलेले आहे म्हणून झूल घालीत नाही. घोडा मरता मरता वाचतो. जोचा बाप म्हणतो, पोराचे अज्ञान हो, दुसरे काय! आणि जॉन संतापून म्हणतो की दुष्टपणाच्या खालोखाल जगात वाईट काही असेल तर ते अज्ञान. हे भाषण अनेकांना या पुस्तकाचे सार वाटते. वर्गात मी ते वाचून दाखवले तेव्हा मागच्या बाकावरच्या एकाने विचारले, "पण गुरुजी, त्याला शिकवायचं कुणी होतं?" मला या प्रश्नापुढे जॉनचे भाषण फिके वाटले. कारण त्याआधी दोनच प्रकरणे जॉनने स्वतःची हकीकत सांगितली आहे. चौदा वर्षांचा असताना आईबाप दहा दिवसांत तापाने गेले, मागे तो आणि पांगळी बहीण. शेतावरच्या कमाईत त्याचे एकट्याचेही भागत नव्हते. त्याला स्क्वायरच्या घरात आसरा मिळाला आणि नॉर्मन नावाच्या जुन्या कोचमनने हाताला धरून शिकवले. जॉनला नॉर्मन मिळाला. जोला त्या रात्री कुणी नव्हते.

रूबेन स्मिथविषयी थोडक्यात लिहितो, कारण तिथे लेखिकेचा खरा रोख दारूवर आहे. क्वेकर घरात वाढलेल्या बाईंना तो विषय जिव्हाळ्याचा होता. कसलेला मोतद्दार दारूच्या धुंदीत नाल सुटलेला घोडा दगडी रस्त्यावर फेकतो आणि मरतो. त्यानंतर एका वाक्यात त्याची बायको सहा लहान मुलांना घेऊन, ओकच्या झाडांजवळचे घर सोडून, अनाथ-दरिद्र्यांच्या सरकारी आश्रयगृहात जाते. घर नोकरीचे होते. नोकर गेला, घर गेले. जेम्सच्या बोलीतली माडीवरची खोली आठवते आणि तिचा दुसरा अर्थ ध्यानात येतो.

मग स्यूएलबाईंना पैशाचा हिशेब जमतच नव्हता काय? मुळीच नाही! पुस्तकाच्या तिसऱ्या भागात, लंडनच्या भाड्याच्या गाड्यांत, त्या असा चोख हिशेब मांडतात की अर्थशास्त्र्याने मान डोलवावी. सीडी सॅम हा स्किनर नावाच्या मालकाची गाडी चालवतो. हंगामात गाडी आणि दोन घोड्यांचे भाडे रोज अठरा शिलिंग. म्हणजे प्रत्येक घोड्याकडून आधी नऊ शिलिंग काढायचे, मग स्वतःच्या पोटाचा पहिला पेनी. रोजचे चौदा-सोळा तास काम, दहा-बारा आठवड्यांत एक रविवार मोकळा नाही, घरात बायको आणि सहा मुले. मी घोड्याला मारतो तर कुणासाठी, असे तो विचारतो, आणि भूतदयेच्या साऱ्या उपदेशाला तोंड लपवावे लागते. पुढे तो मरतो. जेम्सला आठवड्याला मिळणारे अठरा शिलिंग आणि सॅमने रोज भरायचे अठरा शिलिंग, एकाच पुस्तकात हा एकच आकडा दोनदा येतो. लेखिकेने तो जुळवून आणला असेल असे मला वाटत नाही. पण वाचकाने एकदा शेजारी ठेवून पाहावा.

गाडीवाल्याच्या बाबतीत इतके स्वच्छ दिसणारे डोळे मोतद्दाराच्या बाबतीत का मिटतात? याचे उत्तर बाईंच्या आयुष्यात असावे. चौदाव्या वर्षी पाय दुखावले ते कधीच बरे झाले नाहीत. घोडागाडी हेच त्यांचे चालणे होते. कादंबरी लिहिली ती अखेरच्या आजारपणात, १८७१ ते १८७७ या काळात, जमेल तेव्हा थोडी स्वतः आणि उरलेली आईला सांगून. पुस्तक निघाल्यावर पाच महिन्यांत, एप्रिल १८७८ मध्ये, त्या गेल्या. त्या दिवसांत घराच्या उघड्या खिडकीशी थांबलेल्या एका समजूतदार गाडीवाल्याशी आपले बोलणे झाले आणि ते मनात खोल गेले, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. गाडीवाला परका होता. तो त्यांच्या पगारावर नव्हता, म्हणून त्याने आपल्या पोटाचे खरे सांगितले. घरचा मोतद्दार ते सांगत नाही. तो विचारले तर टोपीला हात लावतो. मालकाला नोकराविषयी कळते ते त्याच्या कामावरून, आणि काम बिघडले की त्याच्या स्वभावावरून. खर्चावरून कधीच नाही. घोड्याच्या कानांनी ऐकण्याची अजब युक्ती ज्या लेखिकेला सुचली, तिलाही फिल्चरच्या स्वयंपाकघरात काय बोलले जाते ते ऐकू आले नाही. घोडा तिथवर जात नाही.

टॉलस्टॉयचा घोडा जरा पुढे गेला आहे. 'खोल्स्तोमेर' ही गोष्ट त्याने १८६३ च्या सुमारास लिहायला घेतली आणि ती छापली गेली १८८६ साली. त्यातला चितकबरा घोडा विचार करतो की मला 'माझा' म्हणणारे मला चारत नाहीत. चारणारे भलतेच असतात, आणि ते मला आपला म्हणत नाहीत. त्याच गोष्टीत फटके खाल्लेला एक तबेल्यातला नोकर म्हणतो की या वरिष्ठाला माणसापेक्षा जनावराची कीव अधिक. रशियातली भूदासपद्धती १८६१ साली गेली. त्या तबेल्यातल्या माणसांना पगाराची बोलीच नव्हती. म्हणून टॉलस्टॉयला मालकीचा प्रश्न दिसला. स्यूएलबाईंचे मोतद्दार स्वतंत्र होते, सोडून जाऊ शकत होते, आणि प्रश्न होता तो बोलीचा.

हे सारे लिहूनही 'ब्लॅक ब्यूटी' मला पुन्हा वाचावीशी वाटते, कारण मोतद्दाराच्या हातांचे इतके बारीक वर्णन दुसऱ्या कुठल्या कादंबरीत मी वाचलेले नाही. शेवटच्या प्रकरणात मोठा झालेला जो ग्रीन एका थकलेल्या घोड्याला खरारा करीत असतो. कपाळावरचा चांदवा पाहतो, एक पांढरा पाय पाहतो, मानेवरची गाठ पाहतो, आणि मग पाठीवरचा तो लहान पांढरा ठिपका शोधतो, ज्याला जॉन गमतीने ब्यूटीचा तीन पेन्सांचा तुकडा म्हणत असे. डोळ्यांआधी बोटांनी ओळख पटते. मग घरच्या तिघी बाया घोड्याला वचन देतात की त्याला कधी विकणार नाही. जो हा सर्वांत चांगला आणि मायाळू मोतद्दार आहे, असे घोडा सांगतो. त्या घरात जोला आठवड्याला काय मिळते, आणि त्यालाही कुणी काही वचन दिले आहे काय, हे त्या पानांवर नाही.